मागे उभे असलेले मामा

गेल्या खेपेस या सदरात शटरविषयी लिहिले. आज भिंगातील छिद्र आणि अंतर यांविषयी लिहावयाचे आहे. निमित्त मात्र आमच्याच एका चुकीचे आहे.

केलीव्हिल येथील आमच्या घरी काही वर्षांपूर्वी मलिदा झाला. जून महिन्यातील शनिवार होता. त्या दिवसांत सिडनीकडे पाचच्या सुमारासच सूर्यास्त होतो. शब्बाथ संपून आकाशात तारे दिसल्यावाचून कॅमेऱ्याला हात लावावयाचा नाही, हा घरचा नेम. तेव्हा जे छायाचित्र घ्यावयाचे ते दिव्याच्या उजेडातच. आजी खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांच्यापुढे वीतभर अंतरावर मलिद्याचे तबक होते आणि खुर्चीमागे हातभर अंतरावर मामा उभे होते. उजेड अपुरा म्हणून आम्ही ५० मिलिमीटरच्या भिंगाचे छिद्र एफ २ इतके उघडले आणि दोन मीटरांवरून आजींच्या डोळ्यांवर नेम धरला. आजींच्या चेहऱ्यावरील सुरकुती न् सुरकुती उमटली. तबक धूसर झाले आणि मामांच्या जागी नुसती सावली आली. पुढील वर्षी मामा निवर्तले. त्यांचे अखेरचे छायाचित्र ते हेच.

असे का झाले? भिंग काटेकोरपणे एकाच अंतरावरील वस्तू स्पष्ट दाखविते. त्याच्या अलीकडील व पलीकडील प्रत्येक बिंदूची चित्रात एक बारीक चकती होते. ती पुरेशी लहान असेल तोवर डोळा तिला बिंदूच समजतो. डोळ्याची ही फसगत जेवढ्या टप्प्यात टिकते, त्या टप्प्याला डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात. छिद्र मोठे असले की चकत्या झपाट्याने मोठ्या होतात. एफ २ म्हणजे भिंगाच्या ५० मिलिमीटर नाभीय अंतराचा अर्धा भाग, अर्थात २५ मिलिमीटर रुंद छिद्र. एफ ८ म्हणजे जेमतेम सव्वासहा मिलिमीटर. आकडा वाढला की छिद्र लहान होते, हे नवशिक्यांना उलटे वाटते.

जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या मापाने हिशेब केला, तर दोन मीटरांवर एफ २ ने स्पष्टतेचा टप्पा अवघा १९ सेंटिमीटर मिळतो. मामा त्यात मावणे शक्यच नव्हते. एफ ८ केले असते तर टप्पा ७९ सेंटिमीटर झाला असता. परंतु उजेड सोळावा हिस्सा उरला असता आणि शटर १/१२५ सेकंदाऐवजी १/८ सेकंद उघडे ठेवावे लागले असते. तेवढ्यात आजींची मान हललीच असती!

आम्हाला तेव्हा न सुचलेला उपाय म्हणजे मागे सरणे. एफ २ तसेच ठेवून चार मीटरांवर गेलो असतो, तर टप्पा ७७ सेंटिमीटर झाला असता. अंतर दुप्पट केले की टप्पा सुमारे चौपट होतो. एवढे काम छिद्राकडून करवून घेण्यास चार पायऱ्या मिटावे लागते. यात एक मेख आहे. दुरून चेहरे लहान येतात, आणि ते कापून पूर्वीइतके मोठे केले की चकत्याही मोठ्या होतात. मिळालेल्या लाभापैकी निम्मा तेथेच परत जातो. म्हणून चार मीटरांवर जावे आणि छिद्रही दोन पायऱ्या मिटून एफ ४ करावे. शटर १/३० वर येते. मंडळींना क्षणभर निश्चल बसण्यास सांगितले की भागते. याहून सोपे म्हणजे मामांना खुर्चीच्या बाजूस बोलावून घेणे. पण प्रसंगी नेमके हेच सुचत नाही.

आमच्या संग्रहात अलिबागजवळील खंडाळ्याचे एक चित्र आहे. एलियाहू हन्नाबींच्या रथाच्या खुणा ज्या खडकावर दाखवितात, तेथे वडिलांनी साध्या आग्फा क्लिक कॅमेऱ्याने ते टिपले. खडक, माणसे आणि मागची झाडे, सारे स्पष्ट. छिद्र लहान, कोकणातले ऊन भरपूर, आणि चित्र तळहाताएवढे. येथे भिंतीवर लावण्यासाठी मोठे करून घेतले, तेव्हा झाडांची पाने विरघळलेली दिसली. चित्र बदलले नव्हते, फक्त चकत्या डोळ्यांत भरू लागल्या होत्या.

तरुण मंडळी म्हणतील, आता मोबाईलने सारे स्पष्टच येते. बहुतांशी खरे आहे, कारण त्यातील भिंग चिमुकले असते. परंतु पोर्ट्रेट मोड लावला की यंत्र आपल्याच हिशेबाने मागचे पुसट करते, आणि त्यात मागच्या रांगेतील मामाही जाऊ शकतात. कुटुंबाचे चित्र घेताना तो बंद ठेवावा.

यंदाच्या मलिद्याला आम्ही पार स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिलो. चित्रात फ्रीज आला म्हणून सौभाग्यवतींनी बोल लावले. तबक, आजी आणि मागची चारही मुले मात्र नीट ओळखू येतात.