विश्लेषण: सिंहस्थाच्या तोंडावर सर्व्हरच्या किल्ल्या कुणाकडे?

नाशिक-त्र्यंबकेश्वर सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला, तर पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला ठरलं आहे. एवढ्या मोठ्या आयोजनात कॅमेरे, पार्किंग, आरोग्य यांची माहिती सर्व्हरवर जाते आणि ते सर्व्हर तंत्रज्ञ दुरूनच हाताळतात. त्यातले बरेच कंत्राटी असतात. कंत्राट संपलं की त्यांचा प्रवेशही संपतो का?

प्रश्न गंभीर का?

मार्च २०२१ मध्ये एमआयडीसीच्या यंत्रणेवर रॅन्समवेअर हल्ला झाला. मुंबईतल्या मुख्यालयासह १६ प्रादेशिक कार्यालयांचं ऑनलाइन काम ठप्प झालं. सरकारी सर्व्हर बंद पडले की उद्योजकापासून सामान्य माणसापर्यंत सगळे अडकतात.

डिरेक्टरी म्हणजे काय?

सोप्या भाषेत, कार्यालयाचं एकच मस्टर. ते नसेल तर २० सर्व्हर आणि ३० तंत्रज्ञ म्हणजे ६०० वेगवेगळी खाती. कुणी नोकरी सोडली की २० ठिकाणी नाव खोडायचं. एक राहिलं तरी दार उघडंच. मायक्रोसॉफ्टची अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी किंवा एलडॅपवर चालणारी यंत्रणा सर्व्हरला जोडली, की कोण आत येणार आणि काय करू शकणार हे एकाच जागी ठरतं.

मग धोका संपला?

नाही. मस्टरच चोराच्या हाती लागलं, तर सगळीच दारं उघडतात. म्हणून डिरेक्टरीच्या अ‍ॅडमिनसाठी वेगळं खातं आणि पासवर्डसोबत दुसरी पडताळणी हवीच. डिरेक्टरी बंद पडली तर सर्व्हरवर जाता यावं, म्हणून एक आपत्कालीन खातं सीलबंद ठेवावं लागतं. सर्व्हरवर आधीच ठेवलेल्या एसएसएच की, जुनी स्थानिक खाती आणि चालू सेशन वेगळी तपासावी लागतात. मस्टरमधून नाव काढलं म्हणून ती आपोआप जातीलच असं नाही.

नियम काय सांगतात?

सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना ६ तासांत कळवणं आणि लॉग १८० दिवस जपणं बंधनकारक आहे. सरकारी संस्थाही त्यात येतात. पण दहा जण एकच ‘अ‍ॅडमिन’ खातं वापरत असतील, तर लॉग असूनही कोण आलं होतं ते कळत नाही.

त्यामुळे कंत्राटातच खात्याची शेवटची तारीख लिहिणं हा सर्वांत स्वस्त उपाय. तारीख उलटली की खातं बंद, कुणाच्या आठवणीवर काही अवलंबून नको.