कूपरेज आणि आपली मैदाने

मुंबईतील एका जुन्या फुटबॉल मैदानाची चिंता वऱ्हाडाने का वाहावी, असा प्रश्न काही वाचक करतील. त्याचे उत्तर सरळ आहे. मोकळ्या जागेला भाव येतो तेव्हा समाजाच्या विवेकाची कसोटी लागते. आणि मुंबईला जी कसोटी लागते, ती अमरावती-अकोल्याला कायमची चुकेल असे नाही.

पिपे तयार करण्याच्या जुन्या कारखान्यावरून नाव मिळालेले कूपरेज ओव्हल मैदानाच्या शेजारी आहे. १८९१ साली सुरू झालेल्या रोव्हर्स चषकाची कीर्ती त्याच्याशी निगडित आहे. आरंभी ही स्पर्धा म्हणजे गोऱ्या पलटणींची मिरासदारी होती. १९३७ साली बंगलोर मुस्लिम संघाने ती मोडली. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हैदराबाद सिटी पोलीस संघाने चषक जिंकला. २०००-०१ नंतर मात्र स्पर्धा बंद पडली. पुढे कूपरेजवर गवताच्या जागी कृत्रिम हिरवळ आली. आणि २०१७ व २०२२ सालच्या जागतिक कुमार-कुमारी स्पर्धांचे सामने नवी मुंबईच्या भव्य क्रीडांगणात झाले.

यावरून कूपरेजचे कार्य संपले असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. मोठे सामने खुशाल मोठ्या क्रीडांगणात व्हावेत. शाळांचे, लहान संघांचे आणि मुलींचे सामने मात्र शहराच्या मध्यभागीच हवेत, जेथे लोकलने येणारा मुलगा स्थानकावरून पायी पोहोचू शकतो. प्रेक्षागार जीर्ण झाले तर ते दुरुस्त करावे. परंतु त्या खर्चासाठी मैदान समारंभांना भाड्याने देणे हा उपाय नव्हे. वर्षातील किती दिवस मैदान शाळांसाठी राखले, हे चालकांनी दरवर्षी जाहीर करावे. त्याच हिशेबावर मैदानाचे यश मोजले जावे.

आपल्या रिद्धपुरास म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या लीळाचरित्राची मूळ प्रत परचक्राच्या धामधुमीत नाहीशी झाली, तेव्हा अनुयायांनी स्मरणाच्या बळावर ग्रंथ पुन्हा उभा केला. ग्रंथाच्या बाबतीत हे साधले. इमारतीखाली गेलेले मैदान मात्र कोणाच्याही स्मरणशक्तीने परत येत नाही.

१९१४ साली श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन करणाऱ्या अमरावतीला मैदानाचे मोल सांगावे लागू नये. वऱ्हाडातील नगरपालिकांनी व शिक्षणसंस्थांनी आपापली मैदाने आजच कायमची राखीव ठरवावीत. जागा गेल्यावर सभा भरवून हळहळण्यात अर्थ नाही.