नमुन्याआधी गोळी नको

गुडघा बदलून वर्ष-दीड वर्ष लोटलं की काही जणांचा सांधा पुन्हा ठणकू लागतो, टाक्यांच्या जागी पाणी झिरपतं. अशा वेळी आधी अँटिबायोटिकचा एक कोर्स होतो, तो वाया गेला की दुसरा, आणि मग कधीतरी जखमेच्या तोंडावरचा स्वॅब लॅबमध्ये जातो. रिपोर्ट येतो ‘नो ग्रोथ’. संसर्ग नाही असा त्याचा अर्थ घेणं घातक आहे.

कृत्रिम सांध्यावरचे जंतू धातूला, प्लॅस्टिकला चिकटतात आणि स्वतःभोवती बुळबुळीत थर करून राहतात. गोळ्यांनी थराबाहेरचे जंतू मरतात, आतले तगून राहतात. म्हणजे आजार तसाच, पुरावा तेवढा पुसला जातो. वरवरचा स्वॅब तर पुष्कळदा कातडीवरचेच जंतू दाखवतो.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २००७ साली याचा हिशेब मांडला. काढलेला सांधा द्रावणात ठेवून त्यावर अल्ट्रासाउंडच्या लहरी सोडल्या आणि सुटून आलेल्या जंतूंचं कल्चर केलं. भोवतालच्या ऊतींच्या कल्चरने ६०.८ टक्के संसर्ग पकडले होते, या पद्धतीने ७८.५. शस्त्रक्रियेआधीच्या दोन आठवड्यांत अँटिबायोटिक घेतलेल्या रुग्णांत मात्र ऊतींचं कल्चर ४५ टक्क्यांवर घसरलं, लहरींची पद्धत ७५ वर टिकली.

असं यंत्र प्रत्येक गावी असणार नाही, हे मान्य. पण सांध्यातलं पाणी सुईने काढून पांढऱ्या पेशी मोजायला ते लागत नाही. शस्त्रक्रियेत वेगवेगळ्या जागांहून, दर वेळी नवं हत्यार घेऊन पाच-सहा नमुने काढायलाही लागत नाही. एकच जंतू दोन-तीन नमुन्यांत सापडला तर तो बाहेरून मिसळलेला नव्हे, हे कळतं. रुग्णाला तीव्र ताप असेल, रक्तदाब कोसळत असेल, तर औषधाला क्षणाचाही उशीर नको. बाकीच्यांना नमुना हाती येईपर्यंत थांबवता येतं, थांबवलंच पाहिजे. त्यासाठी डॉक्टरांनी ‘काहीतरी लिहून द्या’ हा नातेवाइकांचा आग्रह मोडायला हवा.

आणि लॅबला सांगायला हवं. क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेससारखा संथ जंतू उगवायला १४ दिवसही लागू शकतात. फॉर्मवर ‘कृत्रिम सांधा’ एवढं लिहिलेलं असेल, तर ती प्लेट पाचव्या दिवशी टाकून दिली जाणार नाही.