मैफलीचे भित्तिपत्रक आणि दोन लिप्या

गेल्या रविवारी निपाणीचा एक तरुण माझ्याकडे आला. चित्रकलेचा अभ्यासक्रम पुरा करून तो संगणकावर जाहिराती करतो. बेळगावच्या एका गायन मंडळाने त्याला मैफलीचे पोस्टर सांगितले होते. या धंद्यातले त्याचे हे पहिलेच काम. मोबाईलवर त्याने तीन नमुने दाखवले आणि विचारले, "काका, मराठी वर घेऊ की कानडी?"

प्रश्न साधा दिसतो, पण साधा नाही. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव-निपाणीचा मुलूख त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेला. 2004 साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. 1 नोव्हेंबर 2014 पासून शहराचे सरकारी नाव बेळगावी झाले. 2024 च्या प्रारंभी कर्नाटकाने कायद्यात दुरुस्ती करून दुकाने, संस्था व करमणुकीची ठिकाणे यांच्या नामफलकांवर 60 टक्के कन्नड असावे आणि ते वरच्या भागात असावे, असे ठरविले. नियम नामफलकांचा आहे. परंतु धास्तावलेला आयोजक तेच माप कागदी पोस्टरलाही लावतो, आणि ती धास्ती अखेर नवशिक्या चित्रकाराच्या गळ्यात पडते.

आणि हे सारे ज्या कलेसाठी, तिने ही सीमा कधी मानली? मराठी संगीत रंगभूमीचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर 1843 मध्ये जन्मले ते बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला. कुंदगोळचे सवाई गंधर्व मराठी नाटकांतून गाजले. त्यांचे शिष्य गदगचे भीमसेन जोशी. त्यांच्या अभंगांवाचून आपल्या घरची आषाढी होत नाही. बेळगावजवळच्या सुळेभावीला 1924 मध्ये जन्मलेल्या शिवपुत्र कोमकळींना आपण कुमार गंधर्व म्हणून ओळखतो. बेळगावच्या रंगमंदिरालाही त्यांचेच नाव आहे. श्रोत्यांची गोष्टही तीच. कानडी घरातली आजी नाट्यपद ऐकते आणि मराठी घरातला नातू कानडी वचनांना मान डोलावतो.

म्हणून दोन भाषांची दोन वेगळी पोस्टरे काढावीत, हा सोपा सल्ला मी त्याला दिला नाही. पोस्टरे दोन झाली की श्रोतेही दोन होतात. कागद एकच हवा. मात्र तो साधणे हे कसबाचे काम आहे. देवनागरी अक्षर शिरोरेषेला टांगलेले असते. कानडी अक्षर वाटोळे, आणि त्याची जोडाक्षरे ओळीखाली उतरतात. दोहोंना एकच आकडा दिला तर एक लिपी थोराड आणि दुसरी किरकोळ दिसते. तेव्हा आकडा न पाहता डोळ्यांनी तोलावे, कानडी ओळीखाली जागा अधिक सोडावी, आणि एकाच वळणाचे टंक निवडावेत. मुंबईच्या 'एक टाइप' या मंडळींनी 'बालू' हे टंककुटुंब दोन्ही लिप्यांत केले असून ते विनामूल्य मिळते. बैठकीच्या गाण्याला ते जरा गुबगुबीत वाटेल, पण हात बसवायला उत्तम.

जागा कुठून आणायची? पाहुण्यांच्या छायाचित्रांतून! आजकाल गायकापेक्षा उद्घाटकाचा चेहरा मोठा असतो. ते चेहरे काढले, 'सुप्रसिद्ध', 'ख्यातनाम' गाळले, की गायकाचे नाव दोन्ही लिप्यांत एकाच वजनाने बसते. मराठी ओळीत बेळगाव राहू द्यावे, कानडी ओळीत बेळगावी. ज्याच्या तोंडी जे नाव, ते त्याला वाचायला मिळावे.

आम्हा कोल्हापूरकरांना हा धंदा नवा नाही. बाबूराव पेंटर आधी नाटकांचे पडदे रंगवीत, मग त्यांनी आपल्या चित्रपटांची पोस्टरेही रंगविली. मी स्वतः सुमारे पन्नास वर्षांपूर्वी एका छापखान्यात खिळे जुळविण्यापासून सुरुवात केली. माझ्या पहिल्या मैफलीच्या कागदावर तबलजीचे नाव राहून गेले. प्रती छापून झाल्या होत्या. तो भला माणूस काही बोलला नाही. कार्यक्रमाच्या रात्री दारावरचा कागद वाचून आत गेला आणि नेहमीसारखा वाजवून घरी गेला. ते मला अजून विसरता येत नाही.

त्या तरुणाला मी आणखी दोनच गोष्टी सांगितल्या. पहिले काम असले तरी फुकट करू नको. आणि ज्या लिपीत आपण वाढलो नाही, ती छापण्यापूर्वी त्या भाषेच्या माणसाकडून वाचून घे. कानडीतली एक चूक राहिली, तर तिला कोणी छपाईची चूक म्हणणार नाही, अपमान म्हणेल. मराठीचेही तेच.

बुधवारी रात्री त्याने चौथा नमुना पाठविला. मधोमध तंबोरा, दोन्ही बाजूंना दोन लिप्या सारख्या तोलाच्या. तबला व संवादिनीच्या साथीदारांची नावे ठळक. शेजारच्या कानडी शिक्षिकेने वाचून दिल्याचेही त्याने कळविले होते. मला समाधान वाटले. फक्त कार्यक्रमाची वेळ लिहायची राहिली होती. ती त्याला लगेच कळविली.