शेवटची दोन मिनिटं शिकायची कुठे?

प्रति,
अध्यक्ष व सर्व पदाधिकारी,
बास्केटबॉल फेडरेशन ऑफ इंडिया



२९ जुलै २०१७ रोजी बेंगळुरूला भारतीय महिला संघाने कझाकस्तानला ७५-७३ असं हरवलं. आशिया चषकाच्या ब गटाचं विजेतेपद मिळालं आणि अ गटाचं दार उघडलं. चार वर्षांनी, २०२१ मध्ये, अम्मानला हाच संघ फिलिपिन्सकडून ७४-७० असा हरला आणि त्याच दाराने परत ब गटात आला. वर जाताना फरक दोन गुणांचा, खाली येताना चार. हे पत्र या सहा गुणांबद्दल आहे.

कोर्टाच्या कडेला बसून ज्यांनी हा खेळ पाहिला आहे, त्यांना ठाऊक असतं की चाळीस मिनिटांच्या सामन्यातली शेवटची दोन मिनिटं वेगळीच असतात. पाय जड झालेले, समोरच्या संघाचे चार फाउल भरलेले. पाचव्या फाउलला दोन फ्री थ्रो मिळतात. मुलगी रेषेवर येते, पंच चेंडू हातात देतो आणि तिथून पाच सेकंद तिचे. ती दोनदा चेंडू आपटते, श्वास सोडते, गुडघे किंचित वाकवते. सकाळच्या सरावात ओळीने दहा टाकणारी हीच मुलगी इथे पहिलाच चुकवते. प्रशिक्षकाने कितीही घोकून घेतलं तरी दडपणाखाली नेम साधायची सवय अंगी बाणत नाही. ती बाणते अटीतटीचे सामने खेळून, त्यातले निम्मे हरून, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा त्याच रेषेवर उभं राहून.

असे सामने आपल्या मुलींना मिळतात किती? अनिता पॉलदुराई यांचंच उदाहरण घ्यावं. २००१ ते २०१७ या काळात त्या नऊ आशियाई अजिंक्यपद स्पर्धा खेळल्या. पुढे पद्मश्रीही मिळाली. एका भारतीय खेळाडूसाठी हा विक्रमच, पण सोळा वर्षांच्या उमेदीत नऊ मोठ्या स्पर्धा म्हणजे दोन वर्षांतून एकदा आठवडाभर. मधल्या काळात वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धा, फेडरेशन कप, काही निमंत्रितांच्या स्पर्धा. राष्ट्रीय स्पर्धेतही साखळीतले बरेच सामने एकतर्फी होतात. रेल्वेचा संघ चाळीस गुणांनी पुढे असताना शेवटची दोन मिनिटं कोण खेळतं? राखीव खेळाडू.

रेल्वेवर हा दोषारोप नाही. उलट या देशात महिला बास्केटबॉल जिवंत राहिला तो नोकरीच्या आधारावर. गीतू अॅना जोस आणि अनिता दक्षिण रेल्वेच्या, प्रशांती सिंग दिल्लीच्या एमटीएनएलच्या, केरळचं वीज मंडळ वर्षानुवर्षं स्वतःचा महिला संघ बाळगून आहे. मध्यमवर्गीय घरातली मुलगी विशीनंतरही खेळत राहते, कारण घरी सांगायला नोकरी असते. मुंबईतल्या आमच्या माटुंग्याला याचं महत्त्व वेगळं समजावून सांगावं लागत नाही. स्टेशनमास्तरपासून तिकीट खिडकीपर्यंत सगळा कारभार बायकांकडे असलेलं देशातलं पहिलं स्थानक २०१७ साली, म्हणजे ज्या वर्षी बेंगळुरूला तो चषक आला त्याच वर्षी, मध्य रेल्वेने इथेच सुरू केलं.

मग अडलं कुठे? २०२२-२३ मध्ये इंडियन नॅशनल बास्केटबॉल लीग उभी राहिली. मुंबई, चेन्नई, बेंगळुरू, कोची, दिल्ली, चंडीगड अशी सहा शहरं, सहा संघ, आणि सहाही पुरुषांचे. महिलांसाठी पैसा कुठून आणायचा, असा प्रश्न लगेच पुढे येतो. त्याचं उत्तर जपानकडे आहे. जपानची महिलांची डब्ल्यू लीग ही मुळात कंपन्यांच्या संघांची लीग. तेलाच्या व्यवसायातली एनिओस, मोटारींची टोयोटा, सुटे भाग करणारी डेन्सो यांचे संघ हंगामभर एकमेकांशी झुंजतात. त्या लीगमधून तयार झालेल्या संघाने २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक घेतलं आणि पुढच्याच महिन्यात अम्मानला भारताला १३६-४६ असं हरवलं. आपल्याकडे नोकरी देणाऱ्या संस्था आहेत, संघ आहेत, मुली आहेत. त्यांना हंगाम तेवढा कुणी दिलेला नाही.

साधनांचं कारण पुढे करण्याआधी दक्षिण सुदानकडेही पाहावं. हा देश २०११ साली जन्माला आला. एनबीए गाजवलेल्या लुओल डेंगने २०१९ मध्ये तिथल्या बास्केटबॉल संघटनेची सूत्रं हाती घेतली, तेव्हा देशात धड एक बंदिस्त कोर्ट नव्हतं. २०२५ मध्ये त्यांच्या मुली आफ्रिकेच्या अजिंक्यपद स्पर्धेत पहिल्यांदाच उतरल्या आणि कांस्यपदक घेऊन आल्या. परदेशात वाढलेल्या खेळाडूंचं बळ त्यांना होतं, हे खरं. पण कोणीतरी ठाण मांडून बसलं, हेही तितकंच खरं.

आपल्या मुलींमध्ये दम नाही असं कोणी म्हणू नये. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई खेळांत भारताने इंडोनेशिया आणि मंगोलियाला हरवून उपांत्यपूर्व फेरी गाठली. तिथे उत्तर कोरियाने ९६-५७ असं गुंडाळलं. पुण्याच्या शिरीन लिमयेसारखी खेळाडू दहा-बारा वर्षं देशासाठी खेळते, कर्णधार होते, आणि महाराष्ट्रातल्या किती शाळकरी मुलींनी तिला समोर खेळताना पाहिलेलं असतं? फार थोड्या. हे मनाला लागतं.

म्हणून माटुंग्यातून ही मागणी. फेडरेशनने रेल्वे, केरळ वीज मंडळ आणि तमिळनाडू, कर्नाटक, महाराष्ट्र, तेलंगणा यांचे राज्य संघ घेऊन महिलांची साखळी लीग सुरू करावी. प्रत्येक संघाशी दोन सामने, एक आपल्या गावी आणि एक त्याच्या. सहा संघ धरले तरी एका मुलीला हंगामात दहा चुरशीचे सामने. मुंबईचा टप्पा माटुंग्याला द्यावा. नागपाड्याने या शहराला अब्बास मुंतसिरसारखा अर्जुनवीर दिला, तर माटुंग्याने इंडियन जिमखान्याचं कोर्ट आणि डॉन बॉस्कोचा सॅव्हिओ कप सांभाळला. इथल्या तमिळ आणि मल्याळी घरांत या खेळाची गोडी जुनी आहे. अर्ध्या वेळेपर्यंत कोणत्या खेळाडूचे किती फाउल झाले हे तोंडपाठ सांगणारे आजोबा इथे कठड्यावर बसलेले सापडतील. एकच अडचण आहे, पावसाची. उघडं कोर्ट जूनमध्ये ओलं होतं आणि मुलींचा सराव चार महिने खोळंबतो. त्यासाठी छप्पर असलेलं एखादं कोर्ट महापालिकेकडे मागायला फेडरेशनने स्थानिक संघटनेच्या सोबत उभं राहावं.

पहिला सामना डिसेंबरातल्या एखाद्या शनिवारी संध्याकाळी ठेवावा, तिकीट शाळा-कॉलेजच्या मुलींना फुकट असावं, आणि तारीख दोन महिने आधी जाहीर व्हावी, म्हणजे रुईया, पोदार, व्हीजेटीआयच्या मुलींना सबमिशनमधून वेळ काढता येईल.

कळावे,
माटुंग्यातील बास्केटबॉलप्रेमी