तीन आठवड्यांचा जपान

परवा पाईपलाईन रोडवरून फिरून घरी आलो, तर नात टेबलावर एक गुळगुळीत पत्रक पसरून बसलेली. (ती पुण्याला शिकते, सुट्टीत आमच्याकडे सावेडीला येते.) एका खासगी विद्यापीठाचा उन्हाळी अभ्यासक्रम - 'जपानी संस्कृती आणि स्थलांतर'. मुदत तीन आठवडे. टोकियो, क्योतो, चहाचा समारंभ, किमोनो घालून फोटो आणि एक दिवस निशी-कासाई भागात 'स्थलांतरितांच्या वस्तीला भेट'. शेवटी प्रमाणपत्र. खर्चाचा आकडा मी चष्मा पुसून पुन्हा वाचला. माझी एक ठेव मोडावी, अशी तिच्या बापाची अपेक्षा.

मी सरळ नाही म्हणालो. तेव्हापासून घरात मी मागासलेला ठरलोय. म्हणून हा लेखनप्रपंच!

मंडळी, जपानला जायला माझा विरोध नाही. योगेंद्र पुराणिक पुणे विद्यापीठात जपानी शिकले, विद्यार्थी म्हणून तिकडे गेले, पुढे नोकरीसाठी तिथे राहिले, २०१२ साली तिथले नागरिक झाले आणि २०१९ मध्ये टोकियोच्या एदोगावा विभागात निवडून आले. निशी-कासाई याच विभागात येतं. पुढे ते जपानमधल्या एका सरकारी हायस्कूलचे मुख्याध्यापकही झाले. एका शिक्षकाला याहून मोठा आनंद कोणता? पण हा माणूस आधी भाषा शिकला, हे पत्रक छापणाऱ्यांच्या लक्षात आलेलं दिसत नाही. त्यांच्या तीन आठवड्यांत भाषेला चार तास आहेत. नमस्कार, आभार, आणि संडास कुठे आहे!

आता दुसरी गोष्ट. मी पाथर्डी तालुक्यात बरीच वर्षं शिकवलं. तिथल्या माझ्या एका विद्यार्थ्याची मुलगी सध्या पुण्यात जपानी शिकतेय. नर्सिंग झालंय, तिकडे म्हाताऱ्यांची शुश्रूषा करायला जायचंय. २०१९ पासून जपानने परदेशी कामगारांसाठी एक नवा व्हिसा सुरू केला, २०२१ मध्ये भारताशी त्याचा करार झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये तर पाच वर्षांत ५० हजार कुशल भारतीय तिकडे पाठवायचं दोन्ही सरकारांनी ठरवलं. या मुलीला एन-फोर किंवा त्या तोडीची भाषेची परीक्षा द्यावी लागते, शुश्रूषेतल्या जपानीची वेगळी, आणि कामाची आणखी वेगळी. साधारण पाच वर्षं राहायची परवानगी. नवरा-मुलं नेता येत नाहीत. राष्ट्रीय परीक्षा पास झाली तरच पुढचा रस्ता उघडतो. बापाने दोन शेळ्या आणि थोडी जमीन काढली.

ही मुलगी जपानी संस्कृती आणि स्थलांतर शिकत नाही, तर काय करतेय? तिला मात्र कुणी प्रमाणपत्र देणार नाही. उलट उद्या आमच्या नातीसारखी मुलं बसमधून उतरून तिचे फोटो काढणार आणि त्यावर प्रकल्प लिहिणार. याची मला चीड येते, आणि ती वयामुळे नाही.

बरं, तिथे जाऊन ही मुलं विचारणार काय? तांत्रिक प्रशिक्षणाच्या नावाखाली जपानने १९९३ पासून परदेशी तरुण आणले. शिकवायला म्हणून आणले आणि राबवले. व्हिएतनाममधून आलेले कित्येक जण दलालांचं कर्ज डोक्यावर घेऊनच उतरायचे. शेवटी २०२४ मध्ये ती योजना बंद करण्याचा कायदा झाला. नवी २०२७ पासून. पत्रकात यातलं अक्षर नाही. परदेशी मुलांना तिथे शाळा सक्तीची नाही, हेही नाही. २०१९ साली त्यांच्याच शिक्षण मंत्रालयाने मोजलं, तेव्हा एकोणीस हजारांवर मुलं शाळेबाहेर असावीत असं निघालं.

हा आकडा वाचला त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण सांगतो.

दिवाळी संपली की आमच्या गावातून ट्रक भरून माणसं ऊसतोडीला निघायची. मुकादमाकडून उचल घेतलेली, म्हणजे जाणं भागच. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. मुलं बरोबर, भांड्यांच्या ढिगावर बसलेली. थेट चैत्रात परत. मधल्या काळात तपासणी व्हायची. सतत गैरहजर मुलांची नावं पटावरून कमी करा, असा तोंडी सल्ला मिळायचा. टक्केवारी सुधारायची ना! मी कमी केली. लाल शाईने, माझ्याच हाताने. एका वर्षी अकरा नावं होती. त्यातली दोनच मुलं पुन्हा वर्गात दिसली. हंगामी वसतिगृहं वगैरे पुढे आली, पण ती अकरा तेव्हाची.

त्या कोप्यांवर मी एकदाही गेलो नव्हतो. राहुरी इथून किती लांब?

असो. मी नातीला म्हणालो, तेवढेच पैसे देतो, पण वर्षभर जपानी शीक, परीक्षा दे, मग जा आणि सहा महिने राहा. वाटल्यास त्या मुलीबरोबरच अभ्यास कर. ती पुण्यातच आहे.

नात बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आबा, ती अकरा नावं तुम्हाला आठवतात?"

सात आठवली.

पत्रक अजून टेबलावरच आहे. ठेव मोडलेली नाही. काल तिने त्या मुलीचा फोन नंबर मागितला, तो मी दिला.