आपल्याच मुलखांतील भ्रमंती

प्रतिवर्षीं दिवाळीची सुटी संपून शाळा भरली, कीं विद्यार्थ्यांत एकच प्रश्न घोळूं लागतो: यंदा सहल कोठें जाणार? महाबळेश्वर, रायगड, गोवें अशीं नांवें निघतात. वर्गणी किती याची चर्चा घरोघर होते. आणि शेवटीं दोन रात्री मोटारींत काढून, आठ ठिकाणीं दहा-दहा मिनिटें उतरून, मुलें जांभया देत परत येतात. काय पाहिलें म्हणून विचारावें, तर मोटारींत लाविलेल्या गाण्यांचें वर्णन ऐकावयास मिळतें. दूरचे प्रदेश पाहूं नयेत असें आमचें म्हणणें नाहीं. समुद्र कांहीं निलंग्यास येणार नाहीं. तो पाहावयास जावेंच लागेल. परंतु जो विद्यार्थी दहावीपर्यंत येथें शिकला आणि ज्यानें खरोशाचीं लेणीं किंवा तेरणा-मांजरेचा संगम एकदांही पाहिला नाहीं, त्याचें शिक्षण अपुरें राहिलें असें आम्ही मानितों.

गांवापासूनच आरंभ करूं. आमचें नीलकंठेश्वराचें देऊळ उत्तर चालुक्यांच्या काळांतलें आहे. एकाच सभामंडपास तीन गाभारे जोडलेले, अशी त्याची रचना असून बाहेरच्या भिंतींवर सुरसुंदरींच्या मूर्ति कोरिल्या आहेत. अशा मूर्ति पाहावयास लोक बेलूर-हळेबीडपर्यंत जातात, आणि आमचीं मुलें त्यांच्या शेजारून सायकल हांकीत निघून जातात. धर्म कोणताही असो, दगडास असा आकार देणाऱ्या हातांचें कौतुक करावयास कोणाची आडकाठी असूं नये.

खरोसें औसा तालुक्यांत आहे. तेथील टेंकडी जांभ्या दगडाची. वेरूळच्या काळ्या कातळासारखी टणक नव्हे. त्या भुसभुशीत दगडांत सुमारें सहाव्या शतकांत लेणीं खोदलीं गेलीं. नरसिंह, शिव-पार्वती, कार्तिकेय, रावण यांच्या आकृति वारा-पावसानें झिजल्या आहेत, तरी ओळखूं येतात. जेम्स बर्जेस यानें १८७५-७६ च्या हंगामांत निजामाच्या राज्यांतील प्राचीन वास्तूंची पाहणी केली, तींत हीं लेणीं नोंदिलेलीं आहेत. एवढ्या दुरून आलेल्या माणसानें जें पाहिलें, तें इतक्या जवळच्या मुलांनीं पाहूं नये काय? पाहावें, मात्र खिशांत खिळा घेऊन जाऊं नये. आपलें नांव भिंतीवर कोरण्याची जी खोड आमच्या तरुणांस लागली आहे, ती जांभ्या दगडास फारच घातक आहे.

या प्रसंगीं फ्रान्स देशांतील एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. त्या देशाच्या नैर्ऋत्येस दोर्दोन्य नांवाचा खेड्यापाड्यांचा, नद्यांचा व अक्रोडाच्या झाडांचा प्रांत आहे. तेथें मोंतिन्याक गांवाजवळच्या टेंकडीवर १२ सप्टेंबर १९४० रोजीं चार मुलगे एका बिळासारख्या भोंकांतून आंत उतरले. दिव्याच्या उजेडांत त्यांस बैल, घोडे व हरिणें यांचीं हजारों वर्षांपूर्वींचीं रंगीत चित्रें दिसलीं. तीच लास्कोची गुहा. ती कोणा पंडितास सांपडली नाहीं. गांवाबाहेर पायीं भटकणाऱ्या पोरांस सांपडली. पुढें १९४८ सालीं ती सर्वांस खुली झाली, आणि पाहणाऱ्यांच्या श्वासानेंच चित्रांवर शेवाळ चढूं लागलें, म्हणून १९६३ सालीं ती बंद करावी लागली. आज प्रवासी तिची प्रतिकृति पाहतात. त्या देशांत खेडीं पायीं पाहण्याची रीत चांगली रुळली आहे. रानांतून जाणाऱ्या लांब पाऊलवाटांस झाडांवर व दगडांवर पांढऱ्या-तांबड्या पट्ट्यांची खूण केलेली असते, आणि शेतकरी आपल्या घरांत पाहुण्यांस भाडें घेऊन उतरवितात. महाराष्ट्र सरकारनेंही २०२० सालीं कृषि पर्यटनाचें धोरण ठरविलें आहे. पुण्या-मुंबईचीं मंडळी आतां हुरडा खावयास पैसे मोजून शेतावर जातात.

आम्हां निलंगेकरांस मात्र याचें नवल कशास? आमच्याकडे येळवस आहे. मार्गशीर्ष अमावास्येस लातूर-धाराशिवकडील गांवेंच्या गांवें ओस पडतात आणि शेतें माणसांनीं भरतात. कानडी मुलखांत हिला एळ्ळ अमावास्या म्हणतात. एळ्ळु म्हणजे तीळ. सीमेवरचा आपला प्रांत, भाषा दोन पण सण एक. कडब्याची कोप उभारावी, तींत पांच पांडव म्हणून दगड मांडावे, सर्व शिवारांत आंबील शिंपडावी, आणि मग पंगत बसावी: बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आंबट भात, माठांतली गार आंबील, आणि ती भज्जी, जींत तुरीचे, हरभऱ्याचे, पावट्याचे ओले दाणे व हातास लागेल ती पालेभाजी एकत्र शिजते. भज्जीचें नांव काढतांच परगांवीं गेलेल्या माणसाचे डोळे ओले होतात, हें आम्ही पाहिलें आहे. आम्ही ख्रिस्ती, पूजेंत आमचा भाग नसतो, हें यजमानही जाणतात, पण पत्रावळीवर आमची जागा राखलेली असते. ज्याला शेत नाहीं त्याला आमंत्रण नाहीं, असें त्या दिवशीं होत नाहीं. एवढा मोठा ग्रामोत्सव दारीं असतां आमचीं कांहीं मुलें त्या दिवशीं शिकवणीच्या वर्गांत बसवून ठेविलीं जातात, याचें आम्हांस वाईट वाटतें.

नदीविषयीं एवढेंच सांगतों. मांजरा बीड जिल्ह्यांत बालाघाटच्या डोंगरांत उगम पावते, औराद शहाजानीजवळ तिला तेरणा मिळते, आणि पुढें ती गोदावरीस जाते. १९६० पूर्वींच्या नकाशांत हा भाग कोणकोणत्या राज्यांत होता तें मोठ्या वर्गांतील मुलांनीं अवश्य शोधावें. पण त्याहून ताजी गोष्ट: २०१६ च्या एप्रिलांत मिरजेहून रेल्वेनें लातूरास पाणी आणावें लागलें. ती गाडी ज्यांनीं बातम्यांत पाहिली, त्यांनीं मांजरेचें पात्र डोळ्यांनीं पाहिलेलें असावें, म्हणजे पाणी कोठें गेलें हा प्रश्न तरी त्यांस पडेल.

किल्लारीस सहल न्यावी कीं नाहीं, यावर शिक्षकांत मतभेद आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीं, तेथें भूकंप झाला व सुमारें दहा हजार माणसें दगड-मातीच्या घरांखालीं दडपलीं. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं त्या रात्रीची आठवण अजून जिवंत आहे. तेथें डबे उघडून बसावयाचें व छायाचित्रें काढावयाचीं, तर न जाणें बरें. परंतु जाड मातीच्या भिंती व वर अवजड धाब्याचें छत घरास कसें मारक ठरलें, नवीं गांवें कशीं वसविलीं, हें समजून घेण्यास मोठ्या वर्गांनीं शांतपणें जावें, असें आमचें मत आहे.

आतां पालकांविषयीं. त्यांच्या हरकती आम्हांस ठाऊक आहेत. पहिली अभ्यासाची. लातूर पॅटर्नचें नांव देशभर झालें, त्याचा आम्हांसही अभिमान आहे. पण सातवीच्या मुलास रविवारींही बांधून ठेवण्याची गरज त्यांतून सिद्ध होत नाहीं. दुसरी उन्हाची; तिला उत्तर सोपें, मार्गशीर्ष-पौषांत जावें. तिसरी हरकत मुलींविषयींची, आणि ती मात्र आम्ही मान्य करणार नाहीं. सहलीच्या यादींत मुलगे चाळीस आणि मुली नऊ असें दृश्य अनेक शाळांत दिसतें. शेतांत खुरपावयास मुलगी चालते, डोक्यावर घागर घेऊन चालते, मग लेण्यापर्यंत चालत जावयास ती नाजुक कशी होते? शिक्षिका बरोबर असतील, आणि आयांनीही यावें. खरोसें पाहण्याची इच्छा त्यांनाही असेलच.

शाळेपुढें आम्ही अशी सूचना मांडीत आहों कीं, दूरची सहल दोन वर्षांतून एकदां असावी आणि तिच्या जोडीस हिवाळ्यांत महिन्यास एक दिवस जवळच्या ठिकाणीं जावें. वर्गणी एस. टी. च्या भाड्यापुरती, भाकरी घरची, एक वही व पेन्सिल. पहिला बेत औरादच्या संगमाचा आहे. ज्या पालकांचें शेत त्या वाटेवर असेल व ज्यांची हरकत नसेल, त्यांनीं वर्गशिक्षकांस कळवावें; मुलांस दुपारीं बसावयास चिंचेची सावली असली म्हणजे पुरे.